लिंबाची तार

२७ ऑक्टो., सोम.
गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा परत लागला. शुक्रवारीच गॅरेजवाल्याने नवा ऑक्सिजन सेन्सर बसवला होता. "मशीनवर बिघाडाचा कोड सेन्सरच्या हीटरचा येतोय, सेन्सर बदला," म्हणाला आणि मी मान डोलावली. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांना सांगते, एका रिपोर्टवर निदान करू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

जेवताना सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, अमेयला पुन्हा विचारलं, "तिकीट अलीकडचं केलंस का?" जानेवारीपर्यंत राहणार होते. आता बावीस नोव्हेंबरला जायचंय. "इथे मी काय, नुसता बसून खातो." पुण्याच्या फ्लॅटमध्ये तरी कोण आहे? सासूबाई जाऊन वर्ष झालं. अमेय म्हणाला, बघतो. तो आठवडाभर बघतोय.

२९, बुध.
सकाळची शिफ्ट. पाचला निघताना गाडीला धक्के, पेट्रोलचा वास. मेलबर्नच्या या टोकाहून, टार्निटहून, त्या वेळेला ट्रेनने हॉस्पिटलला पोचता येत नाही, म्हणजे गाडी बसली की मी बसले.

घरी येऊन कुरकुर केली. बाबांनी एवढंच विचारलं, "मीटर लावला का कोणी?"
कोणीच नाही. तेहतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होता हा माणूस. आमच्याच घरात राहतोय आणि मला विचारायचं सुचलं नाही. लाज वाटली.

३०, गुरु.
शेजारच्या ग्रेगकडून मल्टिमीटर आणला. "नो वरीज, ख्रिसमसपर्यंत ठेव." देव त्याचं भलं करो.

बाबांनी आधी जुना सेन्सर मागितला. नशीब, खोक्यात घालून आणला होता. हीटरच्या दोन पायांना मीटर लावला. सहा ओहम. "हा ठणठणीत आहे गं. उगाच काढला बिचाऱ्याला."
मग मला शिकवलं. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावर इंजिन पेट्रोल ठरवतं; पण तापल्याशिवाय तो बोलत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर. गाडी सुरू झाल्या झाल्या त्याला ऊब द्यायची. मी म्हटलं, तुमच्या सकाळच्या चहासारखं. हसले. किती दिवसांनी.

१ नोव्हें., शनि.
सेन्सरचा प्लग काढून इंजिन चालू केलं. तारेत बारा व्होल्ट हवेत, शून्य. म्हणजे सेन्सरचा दोषच नाही, त्याच्यापर्यंत वीज येत नव्हती. फ्यूज उडालेला. नवा घातला, दिवा घालवला. मी तर पेढेच वाटणार होते. बाबा म्हणाले, "थांब. फ्यूज आपणहून उडत नाही."

स्टेशनपर्यंत चक्कर. तिसऱ्या स्पीडब्रेकरला उडाला.
"धक्क्यावर उडतो ना? मग कुठेतरी तार बॉडीला घासतेय." चेहऱ्यावर असा आनंद, जणू लॉटरी लागली.
अमेयचं मत, परत गॅरेजला नेऊ, वॉरंटी आहे. मी डोळ्यांनीच बाबांकडे दाखवलं. समजला.

४, मंगळ.
घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी. सगळं मेलबर्न टोप्या घालून बाहेर. आम्ही दोघं बॉनेटखाली. बाबांना वाकवत नाही, म्हणून हात माझे, डोकं त्यांचं. "सेन्सरपासून मागे मागे ये. घाई नको. बोटाने चाचपत."

बॉनेटच्या कडीजवळ बोटाला टोचलं. एक बारीक लोखंडी तार, वायरच्या जुडग्याभोवती दोन वेढे. धक्क्याधक्क्याला करवतीसारखी चालून आतलं तांबं उघडं पडलेलं. तारेच्या टोकाला मिरचीचा वाळका देठ.

दसऱ्याला बाबांनी गाडीची पूजा करून लिंबू-मिरची बांधली होती, तीच.

बाबा पलीकडे चष्मा पुसत होते. मी तार उलगडून खिशात टाकली. "सापडलं. घासलीय खरी, इथे, पत्र्यावर." का लपवली? बावीस तारीख डोळ्यांसमोर आली म्हणून.

५, बुध.
दिवसभर शिफ्टवर ती तार एप्रनच्या खिशात असल्यासारखी टोचत होती. घरी आले तर बाबा आमच्या गॅरेजमध्ये, बॉनेट उघडून.
"मुक्ता, इथे लिंबाची तार होती. कुठे गेली?"
घरातून आणून हातात दिली. देठ बोटाने फिरवून बघितला. "म्हणजे माझ्यामुळेच. तरी म्हणतो, माझं आता वय..."

मग मी बोलले. बाबा, तुम्ही ती बाहेर बंपरलाच बांधली होती, दोऱ्याने. मी म्हटलं आत बांधा. हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये लोक विचारतात, मला नको वाटतं. आत दोरा पोचेना म्हणून तुम्ही तार घेतलीत. माझी लाज सांभाळायला. चूक माझी आहे.
रडू आलं, ते वेगळंच.
बाबा तार गुंडाळत म्हणाले, "जुडग्याला बांधायला नको होती, एवढं मला कळायला हवं होतं. तुझी अर्धी, माझी अर्धी. चल, सोल्डरिंग गन बघ ग्रेगकडे."

८, शनि.
जोड केला. नुसती टेप नाही. सोल्डर, वर तापवून आवळणारी नळी, पुन्हा बांधणी. स्पीडब्रेकरवरून चार फेऱ्या. फ्यूज शाबूत, दिवा गप्प, पेट्रोलचा वास गेला. सहा वर्षं या गाडीत बसतेय, आज पहिल्यांदा तिची ओळख झाली. आणि बाबांची. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा.

ग्रेगच्या झाडाचं लिंबू. दोऱ्याने, बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. मीच बांधलं.

९, रवि.
बाबांनी बॉनेटच्या आत चिठ्ठी चिकटवली: आजची तारीख, किलोमीटरचा आकडा, सही. डेपोत असंच करायचे म्हणे. "हजार किलोमीटर झाले की जोड उघडून बघायचा. ते केल्याशिवाय काम पुरं नाही." मग सहज विचारल्यासारखं, "आठवड्याला किती चालते गं गाडी?"
अडीचशे, म्हटलं.
बोटांवर चार आठवडे मोजले. बावीसच्या पलीकडे.

जेवताना अमेयने लॅपटॉप उघडला. "बाबा, बावीसचं तिकीट मिळतंय. करू का?"
"आधी जेव," म्हणाले.

उद्यापासून माझी दुपारची शिफ्ट. रोज ट्रेनने जाईन म्हणते; हजार किलोमीटर सावकाश होऊ देत.