भिमाजी अण्णांची टोपी आणि चाळीस टक्के

पिंपळगाव बसवंत,
बुधवार, दुपार

चि. हर्षलराव यांस, सासऱ्यांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. (माझा गुडघा दुखतो, पण त्याला आता मी दुखण्यात मोजत नाही.) द्राक्षाची काढणी चालू आहे, माल गोड आहे. तुमचं पित्त कसं आहे? सायलीला पोह्यात मिरच्या कमी घालायला सांगा. माझं ती कधी ऐकत नाही, तुमचं ऐकत असेल तर आनंदच आहे.

पत्राचं कारण तुम्ही संक्रांतीला लिहून दिलेली कमांड. तक्रार मुळीच नाही. जावयाबद्दल तक्रार करायची आमच्या घरात पद्धत नाही. आपल्या उपसा सिंचन संस्थेला यंदा पन्नास वर्षं होतात, येत्या रविवारी कार्यक्रम आहे आणि जुन्या फोटोंची स्मरणिका व एक मोठा फ्लेक्स करायचं काम माझ्याकडे आलं (बैठकीला उशिरा पोचलो त्याची शिक्षा). साठ-सत्तर फोटो स्कॅन करून ज्याचे त्याला परत केले. पण प्रत्येकाला जुन्या पद्धतीची पांढरी कड होती, पिवळी पडलेली. माउसने एकेक कड कापत बसलो असतो तर संस्थेचं साठावं वर्ष उजाडलं असतं. तेव्हा तुम्ही ती काळी खिडकी उघडून दाखवलीत: एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की सगळ्या फोटोंच्या कडा आपोआप जातात. तुम्ही समजावलंही होतं की कमांड कोपऱ्यातला रंग बघते, तसाच रंग लागेल तिथवर चारी बाजूंनी आत आत कापत येते आणि दुसरं काही आडवं आलं की थांबते. रंग थोडा मळका असला तरी सारखाच समजावा म्हणून पुढे टक्के लिहायचे. मी मान डोलावली होती. मान मी डॉक्टरांपुढेही डोलावतो.

तर एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत काम झालं! मी सायलीच्या आईला हाक मारून रिकामी काळी खिडकीसुद्धा कौतुकाने दाखवली. फोटो बारीक बारीक छान दिसत होते, तसेच फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिले. मोठे करून बघायचं मात्र राहिलं.

संस्थेच्या अकरा संस्थापकांचा फोटो एकच आहे. देवळाच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे सगळे उभे, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. कमांडला पिवळी कड, पांढरी भिंत आणि पांढरी टोपी हे सगळं एकच वाटलं. ती वरून कापत आली ती थेट कपाळ लागल्यावर थांबली. आणि आधी लागणार कपाळ इतरांपेक्षा टोपीभर उंच असलेल्या माणसाचं. माझ्या वडिलांसकट दहा जणांच्या टोप्या शाबूत राहिल्या आणि भिमाजी अण्णा तेवढे कपाळापासून सुरू झाले.

भिमाजी अण्णा म्हणजे मल्हारीचे वडील. आणि मल्हारी म्हणजे आपल्या मळ्याला लागून ज्याचा मळा आहे आणि ज्याच्याशी गेली चौदा वर्षं आपलं बोलणं नाही, तो. (बांधाचं प्रकरण सायलीने सांगितलंच असेल. तिने सांगितलं ते आपल्या बाजूचं.) तो फोटोही त्याच्याच भिंतीवरचा. संस्थेचं काम म्हणून त्याने मुकाट्याने शिपायाच्या हाती दिला होता. सोमवारी संस्थेच्या दारात फ्लेक्स लागला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मल्हारी माझ्याशी बोलला. म्हणाला, "आधी बांध कोरला, आता माझ्या बापाची टोपी बी कोरली का?" भोवती पंचवीस माणसं होती. हर्षलराव, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णांना गावात कोणी उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुरुस्ती करायची तर मूळ स्कॅन हवा, आणि कमांडने तर कापलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी ठेवून दिला होता. म्हणजे मूळ आता फक्त मल्हारीच्या भिंतीवर. काल सकाळी गेलो. दोन मिनिटांची वाट, मला वीस मिनिटं लागली. दारात उभा राहिलो तर त्याने स्वतःच फोटो उतरवला आणि त्याच्या बायकोने, कलाबाईने, चहा टाकला. मी त्याला सांगितलं की यात माझी काही चूक नाही, टक्क्यांचा आकडा जावयाने लिहून दिला होता. (रागावू नका. जावयावर कोणी चिडत नाही, म्हणून तुमचं नाव घेतलं.) मग त्याला घरी आणून त्याच्यादेखत फोटो स्कॅन केला, आकडा बदलून कमांड चालवली. टोपी अख्खी आली. मल्हारीने पडद्यावर अण्णांच्या टोपीवरून बोट फिरवलं. नवा फ्लेक्स उद्या लागतो आहे. कार्यक्रमाला दोघं नक्की या.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. तुम्ही आकडा दहा लिहिला होता. चाळीस मी केला. दहाने दोन-तीन फोटोंची कड गेली नाही, आणि द्राक्षावरची भुरी गेली नाही की औषधाचं माप वाढवायचं ही माझी तीस वर्षांची सवय.

दुसरा ता. क. मल्हारीला ते तुमच्या नावाचं पटलं नव्हतंच. चहा पितानाच म्हणाला, "जावयाला कशाला पुढं करतो? आकडा तूच वाढवला आसंल. बांधाच्या वेळंला बी ट्रॅक्टरवाल्याचं नाव सांगितलं व्हतं." मांडीवरच्या फोटोत त्याचे आणि माझे वडील शेजारी शेजारी उभे होते. मी दोन्हीला हो म्हटलं. ट्रॅक्टर दोन फूट आत घाल असं मीच सांगितलं होतं. मल्हारी कलाबाईला म्हणाला, आणखी एक कप टाक. रविवारी कार्यक्रम झाला की आम्ही दोघं दोरी धरून बांध होता तिथे परत घालणार आहोत. काल मला फार छान झोप लागली.

शेवटचा ता. क. बांधाचं हे खरं सायलीच्या आईला अजून माहीत नाही. काल मल्हारी घरी आला तेव्हा ती माल भरायला पॅकहाउसवर गेली होती. माझ्या शब्दावर ती चौदा वर्षं कलाबाईशी भांडते आहे. फोन केला तर सायली ऐकते आणि तिने ऐकलं की तिच्या आईला कळतं, म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरियरने पाठवतो आहे. तेव्हा तुम्ही रविवारी येऊ नका, शनिवारी सकाळीच या. जावयासमोर ती मला काही बोलणार नाही, तेवढ्यात मी सांगून टाकतो. आणि जमलं तर मंगळवारपर्यंत राहा.