'तुम्ही सगळे मूर्ख'चा पहिला शो

३ नोव्हेंबर, सोमवार
रविराज सरांचा नवा सिनेमा येतोय. 'तुम्ही सगळे मूर्ख'. दुसरा कोणी दिग्दर्शक प्रेक्षकाला तोंडावर असं म्हणेल? त्यांचा 'काळा चुना' बघताना नव्या लग्नाची बायको, यामिनी, ताडकन उठून बाहेर गेली होती. तेव्हाच ओळखलं, माणूस मोठा आहे. ती पायरीवर बसून राहिली, मी शेवटपर्यंत पाहिला.
चौदा तारखेला पहिला शो. आख्खा फॅन क्लब नेणार.
यामिनीचा पुण्याहून फोन. लेकीचं, रुचाचं बाळ आता मान धरतंय. एकटे कंटाळला असाल, म्हणाली. कंटाळायला वेळ कुठाय? क्लबचं काम आहे, म्हटलं.

५ नोव्हेंबर
थिएटरात बुकिंगवरच्या फराजला भेटलो. पाचपेक्षा कमी तिकिटं गेली तर शो लावत नाहीत म्हणे. मागे 'टेबलाखाली'चं दुसऱ्या दिवशी तेच झालं. तो सिनेमा आख्खा टेबलाखालून शूट केलेला. लोकांना नुसते पाय दिसले. सरांना काय दिसलं ते कळायला लोकांना अजून वीस वर्षं लागतील.
फराजला सांगितलं, खुर्च्या कमी पडतील. तो हसला. आदरानेच.

७ नोव्हेंबर
क्लबच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मेंबर: मी (अध्यक्ष), यामिनी, रुचा, कंपनीतला सूर्यभान आणि एक नंबर, कोणाचा ते आठवत नाही. उत्तर एकच. रुचाने बाळाचा फोटो टाकला. ग्रुपवर अवांतर चालत नाही, डिलीट करणार होतो. केला नाही. पुन्हा पाहिला. मान खरंच धरतंय.

१० नोव्हेंबर
नागापूरला कंपनीच्या स्टोअरमध्ये सूर्यभानला गाठलं. साहेब, शुक्रवारी घोडेगावचा बाजार हाय, म्हस बघायचीय, म्हणाला. म्हशीपेक्षा कला मोठी, म्हटलं. आसंल, पन म्हस दूध देती, म्हणाला. या माणसाला क्लबातून काढायला हवं. पण मग चारच उरतो. राहू दे.
जेवण: खिचडी. कालचीच.

१२ नोव्हेंबर
सरांनी पोस्ट टाकली: माझे सिनेमे अजून बघणाऱ्यांनी डोकं तपासून घ्यावं. काय विनोदबुद्धी! खाली लिहिलं, तपासलं सर, ठणठणीत आहे. सरांनी मला ब्लॉक केलं. म्हणजे वाचलं! नगरमध्ये आणखी कोणाला केलंय?
त्या पाचव्या नंबरला फोन लावला. गॅस एजन्सी निघाली.

१३ नोव्हेंबर
यामिनीचा फोन. रुचाची रजा संपतेय. तुम्हाला एकटं वाटत असेल तर शनिवारी येते, रुचा पाळणाघर बघेल, म्हणाली. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत थांबते. उद्या सांगा.
'ये' अगदी ओठावर आलं होतं. पण लगेच म्हटलं तर केविलवाणं दिसतं. उद्या शोनंतर सहज बोलता बोलता सांगायचं. ठरलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट. तिकिटाच्या खिडकीपाशी मी एकटाच. काका, क्लब कुठाय, फराजने विचारलं. गाड्या लावतायत, म्हटलं आणि पाच तिकिटं मीच घेतली. शेजारच्या खुर्चीवर सवयीने रुमाल टाकला. यामिनीची जागा.
पहिल्याच शॉटला हिरो थेट आपल्याकडे बघून ओरडतो, तुम्ही सगळे मूर्ख आहात! मी मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं.
सिनेमा वाईट आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. 'टेबलाखाली'सुद्धा वाईटच होता.
इंटरव्हलला यामिनीचा फोन आला. गर्दी आहे का हो, तिने विचारलं.
हाऊसफुल्ल, म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.
ती म्हणाली, बरं झालं बाई, तुम्हाला तिथे माणसं आहेत, मला उगीच घोर. मग थांबते मी उन्हाळ्यापर्यंत.
हो, थांब की, म्हटलं.
आत येऊन खुर्चीवरचा रुमाल उचलला. फराज दारातून डोकावला. काका, पुढचा भाग लावू का बंद करू, म्हणाला.
लाव, म्हटलं. घरी जाऊन तरी काय करायचंय.