बाराशेवर फिरवलेली चादर

सिडको, नाशिक
शनिवार

प्रिय सायली,

नव्या घरात वॉशिंग मशीन घ्यायचंय, स्पिन हजारचा घेऊ की चौदाशेचा, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मी 'सांगतो नंतर' म्हणून फोन ठेवला. तुला नवल वाटलं असेल. एरवी या विषयावर मी तुला अर्धा तास सोडलं नसतं. पण आपल्या दोन खोल्यांत बोललेलं सगळं आईला पलंगावर ऐकू येतं. गच्चीवर जाऊन तीनदा तुला फोन लावला. तू 'बोला पप्पा' म्हणालीस की मी पुण्यात पाऊस आहे का, एवढंच विचारलं. म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या प्रश्नाचं. ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो त्या आकड्याला भुलू नकोस. रोजच्या सुती कपड्यांना हजार-बाराशे पुष्कळ झाले. सिंथेटिकला आठशे, रेशमी आणि लोकरीला चारशेच्या वर जायचंच नाही. दहावी नापास माणूस मी, पण सव्वीस वर्षं मशीन उघडून शिकलोय. ओझरला विमानांवर काम करणारे साहेबसुद्धा घरचा ड्रम वाजायला लागला की मलाच बोलावतात. आणि हे ऐकीव नाही, वजन करून बघितलंय. आईची चादर कोरडी सहाशे वीस ग्रॅम भरते. आठशेवर फिरवून काढली की एक किलो पन्नास, बाराशेवर नऊशे पन्नास. फरक फक्त शंभर ग्रॅम पाण्याचा, पण या हवेत तेवढं पाणी दोरीवरून जायला निम्मा दिवस लागतो.

चादरीचं वजन कशाला केलं, म्हणशील. डायपरने आईच्या अंगावर पुरळ यायला लागलं, म्हणून जुलैत ते बंद केले. तेव्हापासून दिवसाला चार चादरी, कधी पाच. मी तुला 'सगळं व्यवस्थित' म्हणायचो तेव्हा मागे मशीन चालूच असायचं. तू एकदा विचारलंसही, कुणाचं मशीन आणलंय दुरुस्तीला? मी म्हटलं, आहे एक गिऱ्हाईक.

महिनाभर धड ऊन नाही. आठशेवर काढलेली चादर संध्याकाळीही दमटच. ती पाठीला लागली की आई नुसते डोळे मिटून घ्यायची. लकव्याने तिची जीभ अजून जड आहे, पण टोमणा मारायचा असला की शब्द बरोबर सापडतात. एक दिवस म्हणाली, अहो इंजिनिअर, सगळ्या सिडकोचे कपडे वाळवता, माझ्या पाठीखालचं डबकं तेवढं राहिलं बघा. मी हसलो आणि त्याच दिवसापासून स्पिन बाराशेवर नेला. चारही चादरी एकदम कोंबायला लागलो. दुपारपर्यंत खडखडीत वाळायच्या. मला वाटलं, जमलं.

सायली, बाराशेवर कोंबून फिरवलेल्या सुती चादरीला कडक चुण्या पडतात. मशीन थांबल्याबरोबर काढा, झटका, चारी कोपरे ओढून वाळत घाला, हे मी हजार बायकांना सांगितलंय. आणि मी स्वतः मशीन लावून कामावर जायचो, दोन तासांनी यायचो. त्या चुण्या तशाच वाळायच्या आणि तशाच आईखाली जायच्या. तिच्या उजव्या अंगाला काही कळत नाही. कळलं असतं तर ओरडली असती.

माकडहाडाशी लाल रेघ दिसली त्याला तीन आठवडे झाले. अगदी चुणीएवढी, चुणीसारखीच सरळ. डॉक्टरला दाखवायला हवं होतं. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले, मलम आणलं, पट्टी कशी बांधायची ते शिकलो. मशीन शिकलो तसं हेही शिकेन, असं वाटलं मला. रेघेचा रुपया झाला, रुपयाची वाटी झाली. शेजारच्या मासूमाभाभी दोनदा मदतीला आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मंगळवारी मी गच्चीवर होतो तेव्हा त्या आत आल्या, आईला कुशीवर केलं आणि पट्टी सोडली. मी खाली आलो तर भाभी रडत होत्या. दादा, हे काय करून ठेवलं तुम्ही? वास नाही येत का तुम्हाला? येत होता. मी खिडक्या उघडत होतो.

चैत्रात तू म्हणाली होतीस, पप्पा, बाई ठेवा, नाहीतर आईला मी नेते पुण्याला. तेव्हा मी जावयांसमोर तुला म्हणालो, मला शिकवायला येऊ नकोस, माझी बायको आहे, मी बघतो. तू चहाचा कप तसाच ठेवून गेलीस. आईने चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. तुझं बरोबर होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच महिने लागले, आणि त्याची किंमत तिने मोजली.

त्यानंतरही दोन दिवस मी 'नेतो, नेतो' म्हणत टाळलं; काल भाभींनीच रिक्षा आणली, आम्ही दोघांनी आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जखम आत हाडापर्यंत गेली आहे, ऑपरेशन करून साफ करावी लागेल. पुढे दोन-तीन महिने दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि ते एकट्या माणसाचं काम नाही. तरीही खात्री देत नाहीत. सही करायला पेन दिलं, ते मी टेबलावर ठेवून दिलं. ज्या हाताने हे केलं त्याच हाताने आता पुढचं ठरवायचं? त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी आहे का? मी म्हणालो, माझी मुलगी येणार आहे, तीच ठरवेल. तुला न विचारता बोललो मी. आईने ते ऐकलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझा हात धरला. हे पत्र कुरिअरने तुला सोमवारी मिळेल, ऑपरेशन बुधवारी सकाळी अकराला आहे. ती दर तासाला विचारते, सायली निघाली का? मी म्हणतो, निघाली.

तुझाच,
पप्पा