बोटीत उलटं बसणारी

बाबा, तुम्ही काढलेल्या क्लबची बोट अजून चालू आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं काही तुम्ही ऐकून घेणार नाही. इंजिन बदललं, रंग बदलला, पण सांगाडा तोच, तुम्ही लिलावातून आणलेला, आणि डावीकडे ओढायची तिची खोडही तीच. सावनेर रस्त्यावरचा आपला तलाव यंदा काठोकाठ भरलाय. दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही बोट पाण्यात सोडली, आणि त्या दिवशी जे झालं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगावं हेच मला कळेना.

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात तुम्ही ट्रकची इंजिनं खोलायचात. मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायची तेव्हा तुमचे पाय तेवढे ट्रकखालून दिसायचे. तिथं भिंतीवर टायरवाल्यांचं कॅलेंडर होतं. त्यावर एक माणूस पायाला फळ्या बांधून पाण्यावर उभा, पुढे बोट, मध्ये दोरी, खाली इंग्रजीत लिहिलेलं 'वॉटर स्कीइंग'. महिना संपला तरी तुम्ही ते पान कोणाला उलटू दिलं नाही. ज्याच्या बापाला गावच्या तलावाच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती, त्या माणसाला तलावाच्या मधोमध उभं राहावंसं वाटलं, यात मला आता नवल वाटत नाही. तुम्ही मात्र असलं काही बोलला नाहीत. "जमते आपल्याले. दोरी आहे, इंजिन आहे, अजून काय पायजे?" एवढंच म्हणालात. दोरी म्हणजे ट्रकची ताडपत्री बांधायची, पायाचे पट्टे म्हणजे फाटक्या ट्यूबचं रबर. आणि फळ्या सागवानाच्या, कारण अख्ख्या दुनियेत आपल्याकडच्या सागवानासारखं लाकूड नाही, हा तुमचा हट्ट. दारं-खिडक्या करणाऱ्या सुतारानं त्या दारासारख्याच केल्या, जाडजूड, वरून लोखंडी पट्ट्या ठोकून. पहिल्याच दिवशी तुम्ही त्या बांधून काठाशी पाण्यात बसलात आणि सरळ चिखलात रुतलात. मित्रांनी दोरीनं ओढून काढलं, पोट धरधरून हसले. तुम्ही तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणालात, "लाकूड मात्र चांगलं आहे." खरंच चांगलं होतं. पुढे हलक्या फळ्या आल्यावर या सागवानी फळ्यांचा क्लबात बाक केलाय आणि अजून त्याला काही झालेलं नाही.

आईच्या स्वयंपाकघरात तेव्हा फोडणीचा वास आणि तलावाच्या शेवाळाचा वास एकत्रच असायचा. ताडपत्रीत थर्माकोल भरून लाइफ जॅकेटं तिनंच शिवली आणि ती वाळायचीही तिच्याच चुलीवरच्या दोरीला. "आता भाजीले फोडणी देऊ का तुमच्या जाकिटाले?" असं ती विचारायची आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं "आधी जाकिटाले" म्हणायचात. सव्वीस जानेवारीला तुमचा तो दाढीवाला मित्र झेंडा घेऊन फळ्यांवर उभा राहून धरणाच्या भिंतीसमोरून गेला, तेव्हा सगळा गाव भिंतीवर जमला होता. आईनं पातेलंभर तर्री पोहे नेले होते. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पातेल्यातून मान वर करून पाण्याकडे पाहिलं आणि पोहे वाढायचे विसरली.

आणि मी तुमच्या बोटीत उलटी बसलेली. चालवणाऱ्यानं पुढे बघायचं, म्हणून दुसऱ्या कोणीतरी मागं तोंड करून फळ्यांवरच्या माणसावरून नजर काढायची नाही, हा नियम. त्यानं अंगठा वर केला की वेग वाढवा सांगायचं, खाली केला की कमी. तो पडला की लाल फडकं वर. पडलेल्यानं पाण्यातून हात वर करायचा, म्हणजे मी ठीक आहे. हात दिसला नाही तर दुसरा विचार न करता बोट वळवायची. सळया नेणाऱ्या ट्रकमागे बांधतात तसलं लाल फडकं तुम्ही मला गोदामातून आणून दिलंत. मला मिळालेल्या कोणत्याच वस्तूचा मी एवढा तोरा मिरवला नाही. शाळेतसुद्धा दप्तरात घेऊन जायची.

दहावीच्या वर्षीचा हिवाळा. मी हट्ट करून पाण्यात बसलेय, गुडघे छातीशी, फळ्यांची टोकं वर. तुम्ही बोटीतून ओरडताय, "दोरी ओढू नको. हात सरळ ठेव. बोटच तुले उभी करते." बोट सुटते आणि मी नेमकी दोरी ओढते, छातीशी कवटाळते, तोंडावर पडते आणि तरी सोडत नाही. नाकातोंडात पाणी. शेवटी दोरीची दांडी हातातून निसटते आणि हात वर करायचं काही मला सुचत नाही. बोट अशी गर्रकन वळली की तुमचा मित्र आत आडवा झाला. तुम्ही मला जाकिटाला धरून वर खेचलंत. डोळ्यांत पाणी गेलेलं, मला फक्त आवाज ऐकू येत होता. "हात काहून नाही वर केला वं? काहून?" मग बोट काठाला लावताना, "तू बोटीतच बस. तेच तुले जमते." मी बसले. पुढे तुम्ही गेलात तरी बसलेलीच राहिले. दुसऱ्यांना उभं राहताना बघण्यात माझी सगळी वर्षं गेली, आणि तुम्ही मला नापास केलंत हा राग मी नीट जपून ठेवला.

आता यंदाचं. क्लबात माणसं उरली नव्हती. शिकलेली पोरं पुण्या-हैदराबादला जातात आणि तिथून फोटोंना अंगठे दाखवतात. नवी तुकडी झाली नाही तर बोट विकायची, असं समितीनं ठरवून टाकलं. मी शहरात, नंदनवन वस्तीत राहते. तिथं सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना मी महिनाभर पटवलं आणि त्या रविवारी गाडी भरून घेऊन आले. तुमच्या सागवानी बाकावर त्या ओळीनं बसल्या. काठावरच्या कोरड्या सरावात हसून हसून लोळल्या. पाण्यात उतरायची वेळ आली तशी सगळ्यांना घरची कामं आठवली. त्यांच्यातल्या थोरल्या बाईनं तर तोंडावरच विचारलं, "ताई, आमाले पाण्यात ढकलून राहिल्या तुमी. तुमी सोता उभ्या राहिल्या काय कधी याच्यावर?"

मी थाप मारणार होते. पण बोटीच्या स्टिअरिंगवर तुमची नात बसली होती. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, बाबा. बोट तीच चालवते आता, तुमच्यापेक्षा जरा हळू. तिनं माझ्याकडे लाइफ जॅकेट फेकलं आणि म्हणाली, "चाल, आई. मी आहे नं."

थोरल्या बाईच्याच हातात मी माझं लाल फडकं दिलं आणि तिला बोटीत उलटं बसवलं. मी पाण्यात. थंडीनं दात वाजत होते आणि भीतीनंही वाजत होते. बोट सुटली. मी हात सरळ ठेवले, दोरी ओढली नाही, आणि बोटीनंच मला उभं केलं. काठावरच्या पळसाच्या झाडापर्यंत गेले असेन, जास्त नाही. केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मग पडले. काठावर बायकांचा नुसता गलका. दुपारपर्यंत निम्म्या जणी पाण्यात होत्या, आणि पुढच्या रविवारी त्या आपल्या जावा-नणंदा घेऊन आल्या. बोट विकायची गोष्ट आता कोणी काढत नाही.

हे पाठवू कुठे? क्लबच्या पत्त्यावर पाठवलं तर मलाच उघडावं लागेल. फडक्यात गुंडाळून ठेवते.

एक राहिलं. पडले तेव्हा मला काही झालं नव्हतं, हात सहज वर करता आला असता. मी मुद्दाम केला नाही. मला बोट वळताना बघायची होती. ती तशीच गर्रकन वळली, थोरली बाई आत आडवी झाली, आणि तुमची नात पांढऱ्याफटक चेहऱ्यानं वाकून मला जाकिटाला धरून ओरडत होती, "आई, हात काहून नाही वर केला वं?" या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी गेलं नव्हतं. मला तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि त्या वेळी न दिसलेला तुमचाही. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.