माझ्या पश्चात वैदीण कोणी चालवावी

मी, चांगुणा हौसराव कोकरे, वय वर्षे बासष्ट, धंदा नेट कॅफे व खोल्या भाड्याने देणे, राहणार शिक्रापूर, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या नणंदेला, विठाबाईंना, विचारू नये. त्या दोन वर्षे उलटेच सांगत फिरत आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा दबाव आणणारा माणूस अजून शिक्रापुरात राहायला आलेला नाही.

येत्या गुरुवारी पुण्याच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, आणि मी घाबरलेली नाही. घराबाहेर पडताना आपण दाराला कडी घालतो, तेवढ्यासाठी हे लिहिणे.

कलम १. हायवेच्या आतल्या अंगाला असलेले माझे राहते घर, त्यामागच्या भाड्याच्या खोल्या, पुढचा गाळा आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी एकुलती मुलगी रुपाली हनुमंत बरकडे हिला मिळावी. खोल्यांतली कारखान्याची पोरे चांगली आहेत, त्यांना उगाच काढू नये. फक्त कोपऱ्यातल्या खोलीत रात्रपाळीचा माणूसच ठेवावा, कारण तिथे ट्रकांचा आवाज फार येतो आणि दिवसा तो जरा कमी असतो.

कलम २. मांडवगण फराटा येथे माझ्या नावावर असलेले शेत माझा धाकटा भाऊ ज्ञानू भिमा टकले याला मिळावे. तोच ते कसतो. गाळ्यातला इन्व्हर्टरही त्यालाच द्यावा. तो घरून खेळतो तेव्हा भारनियमनात खेळातल्या ऐन लढाईत लाइट जाते आणि सगळ्यांत आधी हाच मरतो, हे मी फार पाहिले आहे.

कलम ३. माझे पती हौसराव पाटसच्या साखर कारखान्यात फिटर होते. त्यांची पान्यांची पेटी रुपालीने जवळ ठेवावी. नवऱ्याच्या हातात द्यायची की नाही, तिचे तिने ठरवावे.

कलम ४. विठाबाईंनी भावकीतल्या एका लग्नात, भर पंगतीत, चार बायकांसमोर म्हटले होते की विधवा बाईला कॉम्प्युटरवर राक्षस मारणे शोभत नाही. त्यांना माझी गल्ल्यावरची गादीची खुर्ची द्यावी. त्यांनी तिच्यावर बसून एकदा तरी राक्षस मारून पाहावा आणि मग काय शोभते ते सांगावे. माझा राग एवढाच होता, तो इथे संपला.

कलम ५. आता कॅफे आणि खेळ. हे कलम लांबणार आहे, वकिलांनी कंटाळू नये.

कॅफे माझे जावई हनुमंतराव यांच्या डोक्यातून निघाला. ते इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. गाळा माझा, अक्कल त्यांची. गिऱ्हाईक कमी झाले की ते इंटरनेटवर एक खेळ खेळत. चार जणांची टोळी करून किल्ल्यात उतरायचे, दरवाजामागून दरवाजा जिंकत जायचे. मी गल्ल्यावर बसून पाहायची आणि पाहता पाहता चौथी झाले. दुसरे दोघे म्हणजे माझा ज्ञानू आणि समोरचा पंक्चरवाला इक्बाल मुलाणी.

खेळात शिरण्याआधी प्रत्येकाने आपले काम निवडायचे असते. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा ढालकरी, लांबून बाण मारणारा तिरंदाज, आगीचे गोळे फेकणारा मांत्रिक आणि मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरणारी वैदीण. खेळात त्यांना इंग्रजी नावे आहेत, ही आमच्या गाळ्यातली. दुसरीकडे लोक ही कामे स्वभाव पाहून वाटून घेत असतील. आम्ही मानपान पाहून वाटली. जावयांची निवड पहिली, म्हणून त्यांनी सगळ्यांत झगमगणारा मांत्रिक घेतला. ज्ञानू नवरीचा मामा, त्याला ढाल दिली. इक्बाल शेजारी, त्याला धनुष्य. पंगत उठल्यावर उरलेले ताट घरच्या बाईकडे येते, तशी वैदीण माझ्याकडे आली.

मला तिचे काही वाईट वाटले नाही. आम्ही टकले मूळचे मेंढरांमागचे. माझ्या लहानपणी वाडा, म्हणजे मेंढरांसकट आमचे बिऱ्हाड, चालायचा तेव्हा माझे वडील, आबा, पुढे जाऊन रान बघत, कुत्री कडेने पळत आणि मी शेवटी असायची. वाटेत मेंढी व्याली की कोकरू उचलून घोड्यावरच्या झोळीत ठेवायचे, हे माझे काम. कळपाच्या मागे चालणाऱ्याला सगळा कळप दिसतो. वैदिणीलाही चौघांच्या जिवाच्या पट्ट्या, कोणात किती जीव उरला ते दाखवणाऱ्या, पडद्यावर समोर दिसतात. हे काम मला पहिल्या दिवसापासून येत होते.

खेळ बनवणारी कंपनी मधूनमधून सगळ्यांचे बळ कमीजास्त करते. तोल राखायचा, म्हणे. मागच्या साली त्यांनी मांत्रिकाची आग वाढवली, तर सगळा गाव, म्हणजे खेळातला गाव, मांत्रिक होऊन बसला. किल्ल्याच्या तोंडाशी ढालकरी हुडकायची वेळ आली. मग कंपनीने वैदिणीचा मंत्र निम्मा केला. तेव्हा मी दोन दिवस चिडून होते, आणि कंपनीवरचा तो राग मात्र मी सोडत नाही. आमच्या वाड्यातले सगळेच पुढे रान बघायला गेले असते, तर कोकरे कोणी उचलली असती?

पण आमचा तोल कंपनीने बिघडवला नाही. मांत्रिकाच्या अंगावर साधे कापड असते. एक घाव बसला की तो आडवा. त्याने मागे उभे राहायचे असते. आमचे हनुमंतराव सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहत. आता जावयांना मागे सरका असे कोणी म्हणायचे? पंगतीत पहिला पाट ज्यांचा, त्यांना किल्ल्यात शेवटी कसे उभे करायचे? म्हणून आम्ही तिघांनी त्या एका गोष्टीभोवती सगळा खेळ रचला. ज्ञानू धापा टाकत त्यांच्यापुढे ढाल नेई, इक्बाल बाण सोडायचे सोडून राक्षसांना हुलकावण्या देई आणि माझे सगळे मंत्र जावयांवर खर्ची पडत. ज्ञानू मुकाट्याने मरायचा आणि पुन्हा उठायचा.

यंदाच्या अधिक महिन्यात धोंड्याचे जेवण झाले. जावयांना नवे कपडे केले, अनारसे दिले. संध्याकाळी आम्ही शेवटच्या दरवाजाशी पोहोचलो. तिथवर आम्ही कधीच गेलो नव्हतो. हनुमंतराव पुढे धावले, मी त्यांना सावरले, तेवढ्यात ज्ञानू पडला आणि त्याच्यामागे आम्ही सगळे.

"आक्का, माज्यावर येक तरी मंतर टाकायचा हुता," ज्ञानू म्हणाला.

"जावयांवर टाकला रं."

"जावई हायेत म्हून आमी किती मरायचं? त्यान्ला मागं हुबं ऱ्हा म्हन की."

हनुमंतरावांनी कानावरचे हेडफोन काढले. "मामा, मी चुकीच्या जागी हुबा ऱ्हातो, हे तुमाला पयल्यापासनं म्हाईत व्हतं?"

इक्बाल हळूच म्हणाला, "भावजी, तुमाला कसं सांगायचं?"

"म्हंजी दोन वर्सं मी एकटाच खेळत व्हतो," ते म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

तेव्हापासून ते आले नाहीत. रुपाली एकटी येते, बसते, त्यांना काम आहे असे सांगते. मला मुलगा नाही. हे माणूस माझ्या उंबऱ्यावर यायचे थांबले, याचे दुखणे मला झडपेपेक्षा मोठे आहे. बाकी माझे सगळे छान चालले आहे, पण हे राहिले आहे.

कलम ६. वकील म्हणाले, "आजी, खेळातलं पात्र ही मिळकत होत नाही. त्याची मालक कंपनी." असेल. पण ती वैदीण मी वाढवली आहे, म्हणून तिच्याविषयी माझी इच्छा लिहून ठेवते. कायद्याने नसली तरी चौघांच्या साक्षीने ती पाळावी.

इक्बालने ती उत्तम चालवली असती. ज्ञानूने मागितलीही होती. ती मी हनुमंतरावांना देते.

कारण सांगते. वैदिणीशी बोलताना कोणी भीड धरत नाही. "इकडं टाक," "झोपलीस का आक्का," "मावशी, ध्यान कुठं हाय" असे मला सगळे बोलत. दिवसभर मी मालकीणबाई असते. संध्याकाळी मला कोणीतरी ओरडायचे आणि मला ते फार आवडायचे. हनुमंतरावांना आमच्या घरात आजवर कोणी एक शब्द बोललेले नाही. आम्ही त्यांचा इतका मान राखला की त्यांना पाहुणाच ठेवले.

म्हणून या मृत्युपत्रान्वये मी असे ठरवते की, संध्याकाळी गाळ्याचे शटर अर्धे ओढल्यापासून खेळ संपेपर्यंत हनुमंतराव माझे जावई नाहीत. त्या वेळेत त्यांची खुर्ची पुसू नये, चहा आधी त्यांना देऊ नये, चुकले तर तोंडावर सांगावे. माझा मुलगा असता तर त्याला सांगितले असते, तसे. बाकीच्या वेळी मान आहे तसा राहील. धोंड्याचे ताट चुकणार नाही.

हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ज्ञानूने हा कागद उद्याच त्यांच्या घरी नेऊन स्वतः वाचून दाखवावा. दारातून परत येऊ नये.

कलम ७. इक्बाल व त्याची बायको हमीदा यांना मी काही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात. इक्बालने हे ऐकून "मग साक्षीला दुसरा बघा की मावशी," असे म्हटले. मी बघणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्ञानूने करावी. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, आणि बरी झाले तर हा फाडून पुन्हा लिहीन, कारण मला लिहायला मजा आली.

ठिकाण : शिक्रापूर
रविवार, दिनांक ८ जुलै २००७

सही : चांगुणा हौसराव कोकरे

आमच्यासमोर सही केली :
१. इक्बाल मुलाणी
२. हमीदा इक्बाल मुलाणी

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

आत्या, ज्ञानूमामा आले होते. अर्ध्यावर त्यांना वाचवेना, म्हणून उरलेलं मी वाचलं. वैदीण घेतो, पण तुमच्या पश्चात नाही. गुरुवारी दवाखान्यात मी तुमच्याबरोबर आहे. तुम्ही घरी आलात की शेजारी बसून मला शिकवा, तोवर मी मागं उभा राहतो. अजून लिहायचं होतं, पण मामा ओरडताहेत, "लिवत काय बसलायस, ऊठ, च्या टाक." उठतो.

हनुमंत, ९ जुलै