लहान इंजिन

अण्णा, परवा मी एक इंजिन विकत घेतलं. तुम्ही हसाल, पण ते विहिरीवर बसवायचं नाही, गवत कापायचं आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांसाठी लातुरात आता गल्लोगल्ली क्लास आणि वसतिगृहं झालीत. त्यातल्याच मुलींच्या एका वसतिगृहाची मी रेक्टर आहे. ॲडमिशनला आलेले आई-बाप फोटो काढतात म्हणून मालकांनी इमारतीपुढं लॉन लावून घेतलं. प्यायला टँकर आणि गवताला बोअर, असा सगळा कारभार. ते कापायचं मशीन निवडायचं काम माझ्याकडे आलं. इंजिनवाल्याची पोर म्हटल्यावर येणारच.

दुकानदार तरुण होता, पण त्यानं अगदी तुमचेच प्रश्न विचारले. जागा केवढी, सपाट की चढाची, गवत कोणतं, किती दाट. तुम्ही गिऱ्हाइकाला इंजिन दाखवण्याआधी त्याच्या शेतावर जायचात, एसटीनं का होईना. बांधावर चपला काढायच्या आणि विहिरीपर्यंत अनवाणी चालायचं. एकदा तुम्ही घरी जेवायला गेला असताना देवणीकडच्या एका माणसाला मी पाच हॉर्सपॉवरचं इंजिन ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा तेरा वर्षांची असेन. "रान बघितलंस का तू? न बघता कुणाच्या बी गळ्यात बांधतीस?" एवढंच म्हणालात आणि पुढं दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, लॉनमधी हरळी घुसली असंल तर लहान इंजिन दम सोडतंय. मोठंच घ्या." मी ऐकलं नाही, लहानच घेतलं. त्याला कारण किल्लारी.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जीप बोलावलीत. दुकानात दहा हॉर्सपॉवरचं कोरं करकरीत इंजिन उभं होतं, आणि तुम्ही ते जुनं, लहान, खोकणारं चढवलंत. मला चारचौघांत लाज वाटली. "मोठं न्या की अण्णा, तिथं माणसं मरायलीत," असं मी म्हणालेही. मग आई भाकरी घेऊन निघाली, तिच्यासोबत मी आले. पाऊस पडून ढिगाऱ्याच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, तुम्ही पंप लावून ते उपसत होता. आणि थोड्या थोड्या वेळानं तुम्ही इंजिन बंद करता, हात वर करता. "गप बसा समदे." गाव जेवढं उरलंय तेवढं गप्प होतं. रडणाऱ्या बायाही तोंडात पदर कोंबतात. तुम्ही वाकून दगडाला कान लावता. काही नाही. हँडल मारून पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा खालून टक टक येतं, कुणी तांब्या आपटत असल्यासारखं. एक म्हातारी जिवंत निघाली, अण्णा. मोठं इंजिन असं घडीघडी बंद-चालू करणं एकट्या माणसाला झेपलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. चिखलानं भरलेल्या तुमच्या पायांकडे मी नुसती बघत राहिले. देवाची वाटते तशी तुमची भीती वाटली मला, आणि ती अजून गेलेली नाही.

काल मशीन आलं. माळीमामांना दाखवायचं म्हणून मीच ढकलत निघाले. मुली सगळ्या क्लासला गेल्यात असं मी धरून चालले होते. चौथ्या फेरीला, खोल्यांच्या खिडक्यांखाली, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. पात्यात हरळी गुंतली होती. "ह्याच्यानं इथलं गवत निघत न्हाई, मॅडम," मामा म्हणाले. मी हात वर करून त्यांना गप्प केलं, कारण वरून रडणं ऐकू येत होतं.

वर गेले तर देगलूरची मुलगी, उशीत तोंड खुपसून पडलेली. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून तीन दिवस धड जेवली नव्हती. तीन दिवस मी रजिस्टरात ती क्लासला गेली असं लिहीत होते. तिला खाली माझ्या खोलीत आणलं, आईला फोन लावून दिला. अर्धी भाकरी खाल्ली तिनं. आज तिची आई येतेय.

सगळे म्हणतात, मॅडमचे कान लई तिखट आहेत. मालकही खूश आहेत. मी कुणाला काही बोलले नाही. तुम्ही गेल्यावर हे पत्रही कुठं टाकणार, कपाटातच राहील, म्हणून तुम्हाला सांगते. ऐकायला म्हणून मी इंजिन बंद केलंच नव्हतं. ते बंद पडलं. त्या गवतातून एकदाही न चालता मी ते निवडलं होतं.

मशीन उद्या परत जाईल. आज सकाळी चपला काढून सगळ्या लॉनमधून चालून आले. खिडक्यांखाली गवत खरंच फार दाट आहे, अण्णा.