छत्तीस इंचांचं टेबल

प्रिय सूनबाई,

चार महिने तुझ्याच घरात राहते आहे आणि तुलाच पत्र लिहिते आहे, म्हणून हसू नकोस. समोरासमोर बोलायला बसले की दोन वाक्यांत मी कुणावर तरी घसरते. या वेळी घसरायचं आहे ते स्वतःवर, तेव्हा कागदच बरा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर माफी लेखी मागायला लावायच्या, आणि तिच्यात ‘पण’ हा शब्द दिसला की कागद परत करायच्या. मी आज तो तीनदा लिहून खोडला आहे.

ती घरी येणारी नर्सबाई आठवते ना? ठकू आठ दिवसांची होती. तू व्हीलचेअरमध्ये, ठकू तुझ्या मांडीवर, आणि बाई तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारतात, बाळाची आंघोळ, लंगोट वगैरे कोण करणार? जणू तू टपालानं आलेलं सामान. मी म्हटलं, जिला बाळ झालंय ती इथं बसली आहे, तिला विचारा. त्यावर गोड हसून म्हणाल्या, तसं नाही हो आजी, सेफ्टी बघावी लागते. पायांत बळ नसलं म्हणजे हातही अधू, हे यांना कुठल्या पुस्तकात शिकवतात कोण जाणे. तू एकोणिसाव्या वर्षापासून खुर्चीत आहेस आणि दहा वर्षं लोकांच्या कवळ्या बनवते आहेस. केसाएवढा फरक राहिला तरी हिरडी सोलून निघते, असं तूच सांगतेस. तुझ्या हातांच्या भरवशावर निम्मं गाव चावून जेवतं, आणि म्हणे सेफ्टी.

मग मी चिरंजीवांना घेऊन टब आणायला गेले. दुकानदारानं बदकाच्या तोंडाचा गुलाबी टब पुढे केला, आजी, हा लेटेस्ट. म्हटलं, ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवला तर तुझा हात पोचत नाही, स्टँडवर ठेवला तर त्याच्या आडव्या दांड्या तुझी खुर्ची आत घेत नाहीत. बाळांच्या वस्तू बनवणारे तीन हातांची आई डोळ्यांसमोर ठेवतात: एक हात बाळाला, एक पाण्याला, एक पडलेला साबण उचलायला. तिथंच ठरवलं, मी स्वतः बनवणार. दवाखान्यांचं फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली आहेत. नवीन पोरं कामाला आली की पहिल्या दिवशी ऐकवायचे, आधी माणूस मोजा, मग लाकूड.

टेबल झालंही देखणं, ते तूही म्हणालीस. एका बाजूला आत बसवलेला टब, त्यात तिरकी कापडी झोळी, म्हणजे बाळाची मान आपोआप वर राहते. दुसऱ्या बाजूला लंगोट बदलायची गादी, चारी बाजूंनी उंच काठ, खाली कप्पे असे की एक हात बाळाच्या पोटावर ठेवून दुसऱ्यानं कोरडं कापड ओढता यावं. पाणी उचलायचं नाही, तळाशी नळी लावून थेट मोरीत. सुतारकाका म्हणाले, बाई, एवढी सोय असेल तर मीच झोपतो यात.

उंची ठेवली छत्तीस इंच. उभं राहिल्यावर माझं कोपर येतं तिथं, म्हणजे कंबर भरून येत नाही. माझी.

तू म्हणालीस, छान झालंय आई, एवढंच. त्यानंतर रोज सकाळी नऊला मी ठकूला आंघोळ घातली आणि तू शेजारी बसून साबण, कापूस, टॉवेल देत राहिलीस, ऑपरेशनमधल्या मदतनिसासारखी. येणारे-जाणारे म्हणायचे, या वयात किती करता. मी म्हणायचे, काय करणार, करायलाच हवं. खरं सांगू? मला ते ऐकायला फार आवडायचं. निवृत्त झाल्यापासून कारखान्यातून मला दोनदा फोन आला, त्यातला एक चुकून लागलेला. इथं मात्र रोज नऊ वाजता कुणाचं तरी माझ्यावाचून अडत होतं.

गेल्या गुरुवारी आंघोळ झाल्यावर ठकूला तुझ्या मांडीवर देऊन मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. दार अर्धवट उघडं होतं. तू तिला विचारत होतीस, काय गं ठमाबाई, आज आजीनं कुठे कुठे साबण लावला? मला मेलीला तुझे नुसते पाय दिसतात. आणि हसलीस. तुझ्या आवाजात तक्रार असती तर मी भांडले तरी असते.

दुपारी तुम्ही लस टोचायला गेलात तेव्हा मी स्टूल ओढून टेबलाशी बसले. काठ थेट खांद्याला लागला. आत टबात कोण आहे, हसतंय की रडतंय, काही दिसायची सोय नाही. तशीच उठून तुझ्या कामाच्या खोलीत गेले आणि तू ज्या बाकावर कवळ्या घासतेस तो मोजला. तीस इंच, खाली गुडघ्यांना सत्तावीस इंच मोकळी जागा. आकडा शेजारच्या खोलीत होता गं, मध्ये फक्त एक भिंत. माझं मापात चुकत नाही. मला तिकडे बघायचंच नव्हतं. त्या नर्सबाई नुसतं तोंडानं बोलून गेल्या, मी तेच लाकडात ठोकून ठेवलं.

परवा जेवताना चिरंजीवांनी विचारलं, महिनाअखेर आई गेली की आया ठेवायची का. तू ताटाकडे बघत म्हणालीस, ठेव, मला कुठे जमतंय. तू कधी असं म्हणणारी नव्हेस. ते वाक्य माझं आहे, मी साडेतीन महिने रोज सकाळी तुला शिकवलं, आणि ते परत घ्यायला हे पत्र लिहिते आहे. उद्या आठ वाजता सुतारकाका जुनं टेबल नेऊन नवं बसवतील. तीस इंच. टब तुझ्या बाजूला उथळ आणि गुडघे संपतात तिथून पुढे खोल, म्हणजे खुर्ची थेट आत जाईल. चिरंजीवांनी काल ठरवलेल्या आयाला मी सध्या येऊ नको म्हणून कळवलं आहे, तुला न विचारता, म्हणजे खोड गेलेली नाही. तिचा नंबर फ्रिजवर लावला आहे, हवी असेल तर बोलाव. चिरंजीवांना बजावलं आहे, दाराबाहेर उभा राहा, हाक मारली तरच आत. मी सातलाच बहिणीकडे जाते आहे, कारण घरात असले तर माझा हात पुढे येईल. पाणी सांडेल, ती रडेल, बहुधा तूही. आणि ती हातातून निसटलीच तर घाबरू नकोस, उचल. पहिल्या दिवशी ती माझ्याही हातून झोळीवरून पार खाली घसरली होती. नाकात पाणी गेलं, शिंकली, आणि माझ्याकडे रागानं बघत राहिली. काठामुळे तुला ते दिसलं नाही, आणि मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तुझीच,
बोलावशील तेव्हा येणारी
आई